हरकत असल्यास कळवावे

४ मार्च

घर क्रमांक एक ते अठ्ठेचाळीसच्या मालकांनो,

आपण सगळे पाण्याकाठी राहतो. आपल्या दिवाणखान्यातून पाणी दिसतं, घर विकायला काढलं की जाहिरातीत सगळ्यात आधी पाणी येतं, आणि तरीही गेल्या नऊ वर्षांत आपल्यापैकी एकाचाही पाय त्या पाण्याला लागलेला नाही. आपण मुलांना ते काचेमागून दाखवतो. ही आपली सगळ्यांची एकच तक्रार आहे आणि ती आपण एकमेकांजवळ कधी बोलत नाही. ती बोलून दाखवणं सचिवाचं काम नव्हे हे मला ठाऊक आहे. सचिवाचं काम नोटीस काढणं, तेव्हा ती काढते.

सतरा नंबरच्या मागे पाण्यात उतरणाऱ्या अकरा दगडी पायऱ्या आहेत. या काठावर पाण्यापर्यंत जाणारी तेवढीच एक वाट आहे. त्या पायऱ्या सिमेंटने बुजवून तिथे इतर घरांसारखी सलग भिंत बांधावी असा ठराव समितीने मांडला आहे. काम पंचवीस एप्रिलला दुपारी बारानंतर सुरू होईल. पायऱ्या सतरा नंबरच्या मालकीच्या असल्यामुळे त्या घराची हरकत आल्यास काम होणार नाही. हरकत असल्यास त्या वेळेपूर्वी लेखी कळवावे. नियम अठराप्रमाणे जो सभासद काही कळवणार नाही त्याची संमती आहे असे धरले जाईल. घराचे मालक दोन असल्यास हरकतीवर दोघांच्या सह्या लागतील.

सचिव,
जलाशयकाठ रहिवासी संघ

(याच कागदाच्या मागे, शाईने)

सभासद, घर क्रमांक सतरा, निम्मा हिस्सा, यांस,

पुढचं छापील सगळ्यांना गेलं. हे मागचं फक्त तुझ्या प्रतीवर आहे. संघात घरं अठ्ठेचाळीस आणि नोटिशीच्या प्रती एकोणपन्नास. एकोणपन्नासावी नेहमी तुझी.

बाबांनी घर दोघींच्या नावावर केलं, तेव्हा माझी एकटीची सही अर्धी ठरते आणि अर्ध्या हरकतीला संघात कोणी विचारत नाही. नियम अठरा कोणी आणला हे तुला सांगायला नको. जो बोलत नाही त्याने चाळीस घरांना खोळंबून ठेवू नये, असं मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. तू मागच्या रांगेत ओले केस पुसत बसली होतीस. टाळ्या तूही वाजवल्यास, टॉवेल मांडीवर ठेवून.

पायऱ्यांचं फाटक उघडं टाकलं गेलं, दंतवैद्यांची मुलगी पडली, सभा झाली, तू गेलीस. त्यावर आता मला काही म्हणायचं नाही. हा कामाचा कागद आहे. हरकतीचा फॉर्म जोडला आहे. तुझ्या सोयीने पाठवावा.

कळावे.
सचिव

१३ मार्च

तुझी पोचपावती काल आली. फॉर्म आला नाही.

या पत्राला मायना काय घालावा यावर अर्धी सकाळ गेली. आयुष्यभर मी माणसांना हाका मारत आले. शिक्षकांनो, सभासदांनो, बंधूंनो, भगिनींनो. आणि सख्ख्या बहिणीला काय म्हणून हाक मारायची ते सुचत नाही. तेव्हा मायन्याशिवायच लिहिते.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती संघात कोणालाही माहीत नाही. प्रत्येक नोटीस रजिस्टर पोस्टाने जावी आणि तिची पोचपावती यावी हा नियमही माझाच. सगळ्यांना वाटतं, बाई कडक आहेत. नऊ नंबरचे शिंपीकाका तर म्हणतात, या बाईंना शिंक आली तरी आधी नोटीस येईल आणि मग शिंक. खरं कारण एवढंच की पोचपावतीवर तुझी सही येते.

नऊ वर्षांत मी त्रेसष्ट नोटिसा काढल्या. त्यांतल्या वीसएक गरजेच्या असतील. बाकीच्या तुझ्या सहीसाठी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. तू गेलीस तेव्हाच्या पहिल्या सहीत पेन कागदात रुतलं आहे. पत्ता कुठल्याशा लॉजचा. नंतर दीड वर्ष कुणाच्या तरी वरच्या मजल्याचा. मग 'जलतरण तलावामागे' असा पत्ता आला, आणि त्या दिवशी मी घरभर फिरले. बसवेना. तिथे तू पोरांना पोहायला शिकवतेस की तिकीट खिडकीवर बसतेस, ते पावतीवरून कळत नाही. पण सही मोकळी आहे, शेवटचं अक्षर खाली लांब ओढलेलं, लहानपणी पाटीवर ओढायचीस तसं.

दोन वर्षांपूर्वी एक सही थरथरत आली. आजारी आहे, की हात मोडला, की कोणी दुसऱ्यानेच केली, काही कळायला मार्ग नाही. विचारावं तर कोणत्या तोंडाने. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शेवटी कचऱ्याच्या डब्यांचा रंग कोणता असावा यावर मते मागवणारी नोटीस काढली. अकरा दिवसांनी तुझी पावती आली, सही ठणठणीत. मग मी दोन वेळचं एकदम जेवले. डब्यांचा रंग अजून ठरलेला नाही. हिरवे की निळे यावर अठरा आणि सव्वीस नंबर आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

पाहिलंस, मी किती घरांत भांडणं लावली.

फॉर्म पुन्हा जोडते आहे.

तुझी बहीण

२४ मार्च

बेडके,

या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस. दुसऱ्या कुठल्या नावाने तू ओ देशील असं वाटेना. पाच वर्षांची होतीस, पोहायला यायच्या आधीच उडी मारलीस आणि बाबा कपड्यांसकट मागे उतरले. वर आलीस ती हसत. तेव्हापासून तू बेडकी. मी काठावर उभी राहून एवढी ओरडले की पलीकडच्या काठावरचा पहारेकरी बाहेर आला, म्हणून मी भोंगा. घरात हीच दोन नावं चालायची, शाळेतली नावं पाहुण्यांसाठी होती.

काल अध्यक्ष ठेकेदाराला घेऊन आले होते. अध्यक्ष म्हणजे आपल्या समोरच्या रांगेतले विम्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तू असताना नुकतेच राहायला आले होते. माणूस वाईट नाही, पण चाळीस वर्षं अपघातांच्या फायली वाचून त्यांचे डोळेच तसे झालेत. दिवाणखान्यात आले की आधी पंख्याकडे बघतात आणि मग त्याच्या खालची खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीत बसतात. ठेकेदाराने फीत लावून पायऱ्या मोजल्या. पाणी बरंच उतरलंय, आठ उघड्या पडल्यात. सातवीवर बाबांची छिन्नीची खूण तशीच आहे.

आठवतं का, बाबा रोज सकाळी धरणाच्या भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायला जायचे, आणि तू न जाता सांगायचीस. पायऱ्या मोजायच्या आणि आकडा बोलायचा. बाबा वही उघडून बघायचे तर दोन बोटांचाही फरक नसायचा. ते म्हणायचे, पाटबंधारे खात्याने माझ्याऐवजी ही पोरगी नेमली तर सरकारची पट्टी वाचेल. ते गेल्यावर ही गोष्ट माझ्याशिवाय फक्त तुला आठवत असणार. मला ती कोणाला सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला पायऱ्या माहीत नसतात.

ठेकेदार म्हणाला, दगड चांगला आहे, तोडायची गरज नाही, वरूनच माल ओतू. म्हणजे आत तशाच राहतील. अध्यक्षांना ते फार आवडलं.

जाताना त्यांची नजर टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे गेली. मी पावत्या लावत होते, झाकण घालायचं राहून गेलं होतं. त्यांनी एक उचलून चष्म्याजवळ नेली आणि हसत म्हणाले, "बाई, सही तर तुमच्याकडे डबाभर आहे. एखादी चिकटवून टाका, मी बघितलं नाही."

थट्टा होती. पण ते गेल्यावर मी कोरा कागद घेतला आणि तुझी सही गिरवत बसले. खोटं कशाला बोलू. विसाव्या वेळी ती हुबेहूब जमली, शेवटचं अक्षर लांब ओढलेलं. संघात कोणीही ओळखलं नसतं. फॉर्म शेजारीच होता.

मग कागद फाडला. तुझ्या वतीने मी याआधी एकदा बोलले आहे. त्या सभेत तुझा पोहण्याचा वर्ग बंद करायचा ठराव वाचून झाल्यावर मी तुला विचारलं, काही म्हणायचं आहे का. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि इतिवृत्तात लिहिलं, 'संबंधित सभासदाची हरकत नाही.' माझ्याच अक्षरात आहे ते. नऊ वर्षांत एकदाही ते पान उघडलं नाही, तरी कोणत्या ओळीवर आहे ते सांगू शकते.

आता जे लिहिते ते लिहायला अख्खी रात्र लागली. मुलगी पडली त्या संध्याकाळी, तू तिला पाण्यातून काढून दवाखान्यात गेलीस तेव्हा, मी पायऱ्यांवर गेले होते. तिसऱ्या पायरीवर दगडाखाली माझ्या भाषणाचे कागद होते. दुपारी शिक्षकांच्या मेळाव्याची तयारी मी तिथेच करत होते, नेहमीसारखी, पाण्याकडे तोंड करून. शेवटचा परिच्छेद इतका रंगला की तो म्हणत म्हणतच वर आले. कागद खाली राहिले आणि फाटकही. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावलेली मला आठवते, कडी घातलेली आठवत नाही.

मी कागद उचलले आणि चुलीत घातले. तीन दिवसांनी सभा झाली. सगळे म्हणाले, फाटक पोहणारणीचंच, तिनेच उघडं टाकलं असणार. मी सचिव होते. मला वाटलं, बहिणीची बाजू घेतली असं कोणी म्हणायला नको. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि नऊ वर्षं सांगत आले. कायदा आपल्या घरापासून सुरू झाला पाहिजे, असं त्या सभेत म्हणाले, आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं मी पुन्हा कधी बोलले नाही.

तुला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून कळवते.

ताई

३ एप्रिल

बेडके,

तुला सगळं माहीत होतं.

काल दुपारी दंतवैद्यांची मुलगी आली. आता वीस वर्षांची आहे, परिचारिका व्हायला शिकते. भुवईवर व्रण अजून आहे, केस त्यावर ओढून घेते. सुटीवर घरी आली, तेव्हा तिने नोटीस वाचली आणि तडक इकडे आली. मी दार उघडलं. मुलं मला बाई म्हणायची आणि तुला मावशी, ते तिने अजून सोडलेलं नाही. चहा करते म्हटलं तर म्हणाली, आधी बोलू द्या, नंतर मला जमणार नाही.

"बाई, मी त्या दिवशी पोहायला गेले नव्हते," ती म्हणाली. "मी भाषण करायला गेले होते. तुमचं."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. पोरं म्हणे कुंपणाच्या भिंतीमागे बसून माझी तालीम ऐकायची. रोजचा खेळ होता. मी वर गेले की एकेकाने उभं राहून माझी नक्कल करायची. एरवी फाटकाला कुलूप असायचं, म्हणून भिंतीवरच उभं राहून करायचे. त्या दिवशी फाटक उघडं होतं. बाकीची घरी गेली होती, ही एकटीच मागे राहिली होती. माझ्या तिसऱ्या पायरीवर उतरली, पण तिथून तिला समाधान होईना, पाण्याजवळ उभं राहिलं की आवाज मोठा येईल असं वाटलं. सातवीवर शेवाळ होतं.

भाषण तिला अजून पाठ आहे. माझ्या स्वयंपाकघरात, हात मांडीवर ठेवून, हळू आवाजात तिने म्हणून दाखवलं. जो आपल्या जागी उभा राहत नाही, त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी उभं राहावं लागतं. या वाक्याला मी मूठ वर न्यायची. त्या दिवशी तिने मूठ वर नेली आणि पाय घसरला.

तुझ्याकडे पोहायला शिकणाऱ्या बावीस पोरांपैकी एकाला तुझ्या वर्गात कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. ती माझ्या भाषणात पडली, आणि मी तुझा वर्ग बंद केला.

मी विचारलं, तेव्हा का नाही बोललीस. ती म्हणाली, बोलले होते. दवाखान्यात, डोक्याला पट्टी असताना, मावशीला सगळं सांगितलं. मावशी पलंगाच्या कडेला बसली होती, अंगावर ओलेच कपडे. मग म्हणाली,

"हे ताईला कधी कळू द्यायचं नाही. मला पोहायला कुठेही पाणी मिळेल. तिला बोलायला मात्र हीच माणसं आहेत."

पोरीने शब्द पाळला. अकरा वर्षांच्या पोरीने नऊ वर्षं पाळला, आणि मला तीन दिवसांनी भरलेल्या सभेत खरं बोलता आलं नाही.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. फाटकाची किल्ली ज्या खिळ्याला आहे त्यालाच तुझी शिट्टी लटकते आहे, तू गेलीस तशीच. दोरी कडक झालीय. मी ती कधी हलवली नाही. मला वाटायचं, तू रागाने टाकून गेलीस. आता वाटतं, तू ती माझ्या किल्लीशेजारी मुद्दाम लावून गेलीस. की मी पुन्हा तुझ्या वतीने बोलते आहे?

सभेत तू माझ्याकडे बघत होतीस ते आठवते आहे. तेव्हा मला त्या नजरेत कबुली दिसली होती. हजारो पुस्तकं वाचली, चार खुर्च्यांपलीकडे बसलेल्या बहिणीचा चेहरा वाचता आला नाही. तू दहा आकडे माझी वाट बघत होतीस. मी बोलेन म्हणून.

ती पोर अजून पाण्याला भिते. आंघोळीलाही बादली अर्धीच भरते. जाताना दारात थांबून तिने विचारलं, मावशी परत येणार आहेत का, त्यांच्याकडूनच शिकायचंय. मी म्हटलं, पत्त्यावर पोस्ट जातं एवढंच मला माहीत आहे.

दहा तारखेला सर्वसाधारण सभा आहे.

ताई

१२ एप्रिल

बेडके,

सभा झाली. सगळं सांगते, कारण तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळलं तर त्यात टाळ्या असतील, आणि टाळ्या नव्हत्या.

सभागृहात एकेचाळीस माणसं होती. निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढची रांग नेहमीसारखी रिकामी, कारण पुढे बसलं की काम अंगावर येतं. मी कागद नेला नव्हता. तालीमही केली नव्हती. पहिल्यांदाच. उभी राहिले आणि आवाजच येईना. शिंपीकाका मागून म्हणाले, बाई, माईक बंद आहे का. माईक चालू होता.

मग मी सांगितलं. फाटक मी उघडं टाकलं. कागद मी जाळले. माझी बहीण वर्ग संपला की स्वतः कडी ओढून बघायची, दोनदा, हे मला माहीत होतं आणि तरी मी तिच्या नावावर ठराव लिहिला. एवढंच. चार-पाच वाक्यं. मला वाटलं होतं, खूप वेळ लागेल.

दंतवैद्य उठले. तुला आठवतात ना, हळू बोलणारे. म्हणाले, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," मी म्हटलं.

ते खाली बसले. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघितलंच नाही. तो त्यांचा हक्क आहे. पोरगी त्यांच्या शेजारी बसली होती, तिने केस भुवईवरून मागे घेतले होते.

मी दुसरा विषय मांडला, नियम अठरा रद्द करावा. जो काही बोलत नाही त्याचं उत्तर आपल्याला माहीत नसतं, तेव्हा ते लिहू नये. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. कोणी बोललं नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात फक्त पंख्याचा आवाज. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, नियम अठराप्रमाणे सर्वांची संमती धरण्यात येते, नियम अठरा रद्द. शिंपीकाका हसले ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग हळूहळू सगळे हसले. मीही.

मग मी राजीनामा दिला. किल्ल्या, शिक्का, इतिवृत्ताच्या वह्या अध्यक्षांकडे दिल्या. त्या जुन्या पानावर, माझ्या ओळीखाली, आजची तारीख घालून लिहिलं आहे की ही नोंद खोटी होती. खाली सही केली.

आता भिंतीचं. मला वाटत होतं, सगळं सांगितल्यावर तो ठराव आपोआप पडेल. अध्यक्ष सभा संपल्यावर माझ्याजवळ आले, हात मागे बांधून. म्हणाले, बाई, मला स्वतःला आता तो माल ओतायचं जिवावर येतं. पण नोटीस जुन्या नियमात निघाली आहे. नवीन नियम पुढच्या ठरावापासून. निम्म्या घरांना भिंत हवीच आहे, लहान मुलं आहेत त्यांची, त्यांना मी काय सांगू. सतरा नंबरची हरकत द्या, दोन सह्यांची, मी त्याच क्षणी काम थांबवतो. ती नसेल तर पंचवीसला दुपारी बारा वाजता ठेकेदार येणार.

तुम्हीच असे नियम शिकवलेत आम्हाला, असंही म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटतं.

आज सकाळी मी खाली गेले होते. किल्ली मागायला अध्यक्षांकडे जावं लागलं, रीतसर. त्यांनी दिली आणि वर म्हणाले, तोल सांभाळा. दहा पायऱ्या उघड्या आहेत. अकरावीला पाणी लागून आहे. बाबा असते तर वही उघडली असती. तू असतीस तर आकडा बोलली असतीस. मी आकडा बोलून बघितला, पण बरोबर की चूक सांगायला कोणी नव्हतं. तिसऱ्या पायरीवर बसले. बोलले काही नाही. इतकी वर्षं त्या पाण्यासमोर मी एकटीच बोलत होते आणि तू त्याच्या आत असायचीस. कानावर पाणी घेऊन माझी भाषणं तुला कशी ऐकू येत असतील, हे कधी विचारलं नाही. विचारायचं आहे.

आता मी सचिव नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर करता येत नाही, संघाचा शिक्का गेला. करता आलं असतं, माझ्या नावाने. टपाल कचेरीत खिडकीशी उभीही राहिले. मग वाटलं, नऊ वर्षं तुझ्या दारात माणूस पाठवून मी तुझ्याकडून सह्या घेतल्या, त्यातली एकही तू मला आपणहून दिलेली नाही. म्हणून साधं तिकीट लावलं. पोचपावती येणार नाही. पत्र मिळालं की नाही मला कळणार नाही. डब्याचं झाकण लावून तो फळीवर ठेवला आहे.

तू गप्प राहिलीस तर या वेळी मी त्याचा काहीच अर्थ लावणार नाही. मी माफी मागते, पण त्याचं उत्तर मागत नाही. ये असंही म्हणत नाही, म्हणायचा अधिकार मी घालवला. पण त्या पायऱ्या माझ्या एकटीच्या नाहीत आणि त्यांच्यावर सिमेंट पडायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुझा आहे. तुझ्या जागी उभी राहून तो मी वापरू शकत नाही. विसाव्या वेळी जमलेल्या सहीनेही नाही.

सोबत फॉर्म आहे. हरकत एका ओळीत लिहिली आहे, माझ्या अक्षरात. 'या पायऱ्या बुजवायला आमची हरकत आहे.' खाली डाव्या बाजूला माझी सही. उजवी बाजू मोकळी आहे. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. तुझ्याकडून इथे पोस्ट यायला चार-पाच दिवस लागतात, हे मला त्रेसष्ट पावत्यांवरून पक्कं माहीत आहे.

पेन घे. उजव्या बाजूला सही कर. वीस तारखेच्या आत पेटीत टाक.

तुझी,
भोंगा